बुसरा सुधारायची तर बुसरातूनच: पशुसंवर्धन आयुक्त आणि पशुविद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर

विषय: बुसरा कोंबडीच्या मूळ पट्ट्यात निवड पद्धतीने पैदास कार्यक्रम सुरू करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात राहते, घरी बुसरा कोंबड्या पाळते आणि आमच्या व शेजारच्या पाड्यांवर कोंबड्या पाळणाऱ्या बायकांच्या कळपांच्या नोंदी वहीत लिहून ठेवते. हे पत्र खुले लिहीत आहे, कारण यातील मागणी एका घराची किंवा एका पाड्याची नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर, धुळे जिल्ह्यातील साक्री आणि सीमेपलीकडचे गुजरातमधील सोनगढ व आहवा या भागांत जिथे जिथे ही कोंबडी अजून टिकून आहे, तिथल्या सर्वांशी तिचा संबंध आहे. मागणी थोडक्यात अशी की बुसराच्या मूळ पट्ट्यात बाहेरच्या सुधारित जातींचे नर वाटणे थांबवावे, आणि त्याऐवजी बुसराच्याच कळपांतून, लोकांच्या अंगणात, नोंदींच्या आधारे निवड करून पैदास करण्याचा किमान दहा वर्षांचा कार्यक्रम विभागाने व विद्यापीठाने मिळून हाती घ्यावा.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने बुसराची नोंद स्वतंत्र जात म्हणून, महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या नावे केलेली आहे. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: अंगाने मध्यम, बांधा खोल, पिसारा हलका आणि नजर सदैव सावध. बहुतेक पक्ष्यांचे अंग पांढरे असून मान, पाठ आणि शेपटीकडे काळी पिसे मिसळलेली असतात व खांद्यांवर-पंखांवर तांबूस तपकिरी छटा असते. मात्र रंगांत फरक पुष्कळ आढळतो. तुरा एकेरी असतो. नराचे वजन साधारण एक ते सव्वा किलो, मादीचे किलोच्या आसपास. वर्षाला ४० ते ५५ अंडी, आणि अंड्याचे वजन २८ ते ३८ ग्रॅम.

हे आकडे कागदावर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ही कोंबडी कमी प्रतीची वाटते आणि तिच्या जागी वर्षाला शंभराहून अधिक अंडी देणारी वनराजा किंवा अंगाने तिप्पट भरणारी गिरिराज द्यावी असे त्याच्या मनात येते, हे मी समजू शकते. परंतु ४०-५० अंड्यांचा हिशेब कसा लागतो तेही पाहिले पाहिजे. बुसरा दहा-बारा, कधी पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. एकवीस दिवस ती अंड्यांवरून फार तर चारा-पाण्यापुरती उठते, आणि पुढचे दोन-अडीच महिने पिल्लांना घेऊन हिंडते. या सगळ्या काळात ती अंडे देत नाही, कारण उबवणीयंत्राचे, पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरच्या दिव्याचे आणि राखणदाराचे काम ती एकटी करत असते. असे तीन-चार फेरे झाले की वर्ष संपते. ज्या घरात वीज बेभरवशाची आहे, विकतचे खाद्य परवडत नाही आणि कोंबड्या अंगणातली सांडलेली नागली, वाळवी, किडे व उष्टे-खरकटे यांवर वाढतात, त्या घराला खुडूक न बसणारी कोंबडी दर वर्षी नवी पिल्ले विकत घ्यायला लावते.

आमच्याकडची खरी तूट अंड्यांची नाही, पिल्लांच्या मरतुकीची आहे. बारा अंड्यांतून दहा पिल्ले निघाली तरी दोन महिन्यांनी त्यांतली तीन-चार उरणे ही पाड्यावरची नेहमीची गोष्ट आहे. काही घार नेते, काही मुंगूस, काही पहिल्या पावसाच्या गारठ्यात जातात आणि उरलेल्यांवर मानमोडी (राणीखेत रोग) येते. म्हणून बुसरा सुधारणे याचा अर्थ, माझ्या मते, एकच असावा: एका कोंबडीने एका वर्षात आठ आठवड्यांची करून दिलेली पिल्ले वाढली पाहिजेत. अंड्यांची संख्या, त्यातून फळलेली अंडी, खुडूक बसण्याचा चिवटपणा, पिल्लांना राखण्याची हुशारी आणि पिल्लांची स्वतःची काटकता, हे सगळे या एका मोजमापात येते.

आणि या मोजमापात कोंबड्या-कोंबड्यांमध्ये फरक आहे, तो डोळ्यांना दिसतो. आमच्या पाड्यावर शेजारशेजारच्या दोन अंगणांतल्या, एकाच हंगामात वाढलेल्या दोन कोंबड्या मी पाहत असते. घारीची सावली जमिनीवरून सरकली की काळ्या मानेची कोंबडी घशातून एक आखूड आवाज काढते आणि तिची पिल्ले क्षणात बैलगाडीखाली किंवा कुंपणाच्या काटक्यांत शिरतात. घार निघून गेल्यावरही ती बराच वेळ त्यांना बाहेर येऊ देत नाही. दुसरी कोंबडी अंगाने तिच्याहून भरलेली आहे, अंडीही एखाद-दुसरे जास्त देते, पण घार दिसली की आधी स्वतः पळते. बाजारात दुसरीला जास्त भाव येईल. पाड्यावरच्या जाणत्या बायका अंडी बसवायला मागून नेतात ती मात्र पहिलीची.

अशा गुणाची आनुवंशिकता कमी असते हे मला माहीत आहे. वजनाची तशी नसते. समजा वीस आठवड्यांच्या कळपाचे सरासरी वजन ८०० ग्रॅम आहे आणि आपण सरासरी ९०० ग्रॅमचे पक्षी पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून निवडले, तर त्या १०० ग्रॅमच्या फरकातील ३०-४० ग्रॅम पुढे पिल्लांत उतरावेत, म्हणजे नुसता ताणकाटा हातात घेऊनही वजन वाढवता येते. पिल्ले जगवण्याच्या गुणात शंभरातला फार थोडा हिस्सा रक्तातून येतो, बाकीचा हवामान, रोग आणि नशीब यांचा असतो. त्यामुळे एका पक्ष्याकडे पाहून निवड केली तर हाती काही लागत नाही. तिथे घराणे पाहावे लागते: त्या कोंबडीच्या दोन-तीन वेळच्या वेतांची, तिच्या बहिणींची आणि तिच्या लेकींची नोंद एकत्र धरावी लागते, आणि कोंबडा निवडायचा तो त्याच्या आईच्या वहीवरून. हे काम एका घराच्या दहा कोंबड्यांत होत नाही. त्यासाठी पाच-पन्नास पाड्यांच्या नोंदी एका ठिकाणी याव्या लागतात आणि त्यांवर हिशेब करणारा पैदासशास्त्राचा माणूस लागतो. आम्ही विद्यापीठाकडे मागत आहोत ते हेच.

वजनाच्या मागे लागण्याचा मोह मात्र आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण वजन मोजायला सोपे असते आणि अहवालात चांगले दिसते. बुसरा रात्री झाडावर किंवा छपराच्या आढ्यावर जाऊन बसते, मुंगसाला चुकवून उडते, ते तिच्या हलक्या अंगामुळे. दीडपट वजनाची बुसरा खुराड्यावाचून जगणार नाही. शिवाय वजन आणि अंडी हे गुण बऱ्याचदा एकमेकांच्या उलट ओढतात, हे कुक्कुटपैदाशीत जगभर अनुभवाला आलेले आहे. थोडे वजन वाढले तर हरकत नाही, पण तो निवडीचा पहिला निकष होऊ नये. रंगाचेही तसेच. एकसारख्या रंगाचा कळप छायाचित्रात शोभतो, पण प्रत्येक पिढीत निवडायला मोजकेच पक्षी असतात, आणि रंगासाठी चांगल्या आईचा कोंबडा बाद केला तर तेवढी निवड वाया जाते. बाद करायचे ते काळ्या कातडीचे किंवा जड हाडाचे, म्हणजे बाहेरच्या रक्ताची उघड खूण असलेले पक्षी.

आज पाड्यावर निवड होतच नाही असे कोणी समजू नये. ती होते, पण उलट्या दिशेने. पिंपळनेर, दहिवेल किंवा विसरवाडीच्या आठवडे बाजारात व्यापारी कोंबडा हातात उचलून तोलतो आणि सर्वांत लवकर भरलेला, सर्वांत तजेलदार कोंबडा सर्वांत आधी आणि सर्वांत चांगल्या भावाने विकला जातो. नवसाला आणि पाहुण्यालाही तोच लागतो. घरात वही-पुस्तके, औषध, बियाणे यांची निकड असते तेव्हा दुसरा इलाज नसतो. मागे उरतो तो उशिरा वाढलेला, गिऱ्हाईक न मिळालेला नर, आणि पुढच्या हंगामातल्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. त्याच्याच लेकी पुढच्या वर्षी त्याच्याच सोबत फिरतात. म्हणजे एका बाजूला चांगले रक्त दर वर्षी बाहेर जाते आणि दुसऱ्या बाजूला जवळच्या नात्यातली पैदास वाढते. अंडी न फळणे आणि अशक्त पिल्ले हे तिचे परिणाम आम्ही भोगतो. वर्षानुवर्षे असे चालले असताना बुसरा मुळातच कमी कसाची आहे असा निष्कर्ष काढणे तिच्यावर अन्याय आहे.

यावर उपाय साधा आहे आणि स्वस्तही आहे. चांगल्या आईचा कोंबडा बाजारभावाने जागेवरच विकत घ्यावा, त्याच्या पायात क्रमांकाची कडी घालावी आणि तो पाड्यावरच, पण दुसऱ्या घरी, राखायला द्यावा. राखणाऱ्या घराला वर्षाचा ठरावीक मोबदला मिळावा. पाड्यांचे चार-पाच गट करून पहिल्या गटातले कोंबडे दुसऱ्याला, दुसऱ्यातले तिसऱ्याला असे दर वर्षी फिरवले तर नात्यातली पैदास आपोआप आटोक्यात राहते. शासन लाभार्थ्याला कोंबड्यांचा जो गट वाटते, तशा एका गटवाटपाच्या खर्चात असे कितीतरी कोंबडे राखता येतील.

आता गटवाटपाविषयी. राज्याच्या योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा (वाढत्या वयाच्या कोंबड्यांचा) २५ माद्या आणि ३ नर असा गट लाभार्थ्याला दिला जातो. ज्या गावात देशी जात उरलेलीच नाही आणि ज्या घराला खाद्य घालून अंडी विकायची आहेत, तिथे ही योजना उपयोगाची आहे, आणि ती राज्यभर बंद करावी असे मी म्हणत नाही. पण बुसराच्या पाड्यावर आलेले ते तीन नर त्या २५ माद्यांपुरते राहत नाहीत. तीन-साडेतीन किलोचा कोंबडा किलोभर वजनाच्या आमच्या कोंबड्यांवर चढतो, त्यांच्या पाठीची पिसे उपटली जातात, कातडी फाटते, आणि वर्षभरात सगळ्या पाड्याची पिल्ले मिश्र होतात. पहिली मिश्र पिढी अंगाने उजवी निघते हे खरे. संकराचा तो जोम असतो आणि त्यावरच योजनेचे यश मोजले जाते. दुसऱ्या पिढीपासून तो जोम ओसरतो, पिल्ले एका मापाची राहत नाहीत, अर्ध्या कोंबड्या खुडूक बसत नाहीत, बसल्या तर मधूनच उठतात. तोपर्यंत मूळ बुसरा कोंबडा त्या पाड्यावर राहिलेला नसतो आणि मागे फिरण्याची वाट बंद झालेली असते.

उद्या विभागाने बुसराचेच गट वाटायचे ठरवले तरी २५ आणि ३ हे प्रमाण जसेच्या तसे वापरू नये. पैदासशास्त्रात कळपाची ‘परिणामी संख्या’, म्हणजे नात्यातली पैदास किती वेगाने वाढेल हे सांगणारी संख्या, काढण्याचे साधे सूत्र आहे: नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याची चौपट करायची आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे. तीन नर आणि पंचवीस माद्यांचे उत्तर अकराच्या आतच येते, म्हणजे नात्यातली पैदास दर पिढीला साडेचार टक्क्यांहून अधिक वेगाने वाढते. ही संख्या निदान पन्नास असावी, म्हणजे वाढ टक्क्याच्या आत राहते, असा संकेत जात-संवर्धनात पाळला जातो. चाळीस नर आणि दोनशे माद्या ठेवल्या तर हीच संख्या १३३ होते. जात वाचवायची की बुडवायची हे अशा कार्यक्रमात माद्यांपेक्षा नरांच्या संख्येवर जास्त ठरते, आणि खर्च वाचवायला सर्वांत आधी नरच कमी केले जातात.

विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या प्रक्षेत्रावर असा चाळीस-दोनशेचा मूळ कळप असावा, पण निवडीची मुख्य जागा प्रक्षेत्र होऊ नये. जाळीच्या आत घार नसते, खाद्य वेळेवर मिळते आणि अंडी यंत्रात उबवली जातात. अशा ठिकाणी पाच-सहा पिढ्या निवड केली की नकळत खुडूक न बसणाऱ्या आणि सावधपणा गमावलेल्या कोंबड्या निवडल्या जातात. प्रक्षेत्रावरच्या कळपाला राखीव साठा समजावे, त्यातले निदान एक तृतीयांश नर दर वर्षी पाड्यांवरच्या नोंदी पाहून बदलावेत, आणि तिथेही काही माद्यांना स्वतःची अंडी स्वतः उबवू द्यावीत.

हा राखीव साठा नवापूरच्या आसपास ठेवू नये, हे आवर्जून सांगते. देशातील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरातच आढळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील सर्व पक्षी नष्ट करावे लागतात आणि त्यात मोठ्या शेडमधल्या लाखो कोंबड्यांबरोबर घरापुढच्या पाच-दहा कोंबड्याही जातात. रोग आवरण्यासाठी ते करावे लागते, याबद्दल वाद नाही. पण ज्या तालुक्यात ही जात सर्वाधिक आहे त्याच तालुक्यात दाटीवाटीचा कुक्कुटव्यवसाय आहे, त्यामुळे दोन कळप एकमेकांपासून दूरच्या दोन जिल्ह्यांत ठेवणे आवश्यक आहे. गुजरातच्या पशुपालन खात्याशी बोलून सीमेपलीकडच्या पाड्यांतील नरांची देवाणघेवाण ठरवता आली, तर दोन्ही राज्यांचा लाभ आहे. कोंबड्या तशाही नातेवाइकांच्या हातून सीमा ओलांडतातच.

निवडीच्या आधी एक काम व्हायला हवे, ते लसीकरणाचे. मानमोडीची साथ आली की चांगल्या आईची आणि वाईट आईची पिल्ले सारखीच मरतात आणि वर्षभराची वही निरुपयोगी होते. लासोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून आणि आर-टू-बी लस आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून देतात. अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की एक-दोन तासांत संपवावी लागते. आठ-दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. म्हणून पाड्यातल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात आणि एकाच सकाळी लस द्यावी, अशी आखणी करावी लागते. थोडे शिक्षण दिले तर पाड्यावरची एखादी मुलगी हे काम आणि आठव्या आठवड्याची मोजणी दोन्ही सांभाळू शकते. मोजणीला फारसे काही लागत नाही: पहाटे डालगे उचलण्याआधी पिल्ले मोजायची, कापडी पिशवीत एकेक घालून ताणकाट्याला लावायचे, आईच्या कडीचा क्रमांक आणि आकडा लिहायचा. आमच्या अनुभवात बायका हे आवडीने करतात, कारण कोणत्या कोंबडीने किती वाढवली हे त्यांना आधीपासूनच तोंडपाठ असते.

लोकांच्या दारात राहून जात सुधारण्याचे काम या राज्याला नवे नाही. संगमनेरी शेळीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाखाली शेळीपालकांच्याच कळपांत नोंदी ठेवून आणि निवडक बोकड पुरवून असेच काम केले आहे. शेळीसाठी जे जमले ते कोंबडीसाठी जमायला हवे, आणि कोंबडीची पिढी वर्षभराची असल्याने फळही लवकर दिसेल. तरीही पाच वर्षांच्या आत मोठा आकडा कोणी मागू नये. अधिकारी तीन वर्षांनी बदलतात, म्हणून वह्या आणि संगणकातील नोंदी विद्यापीठाच्या मालकीच्या असाव्यात आणि त्यांची एक प्रत पाड्यावर राहावी.

एक सावधगिरीही सुचवते. कडकनाथच्या मांसाला २०१८ साली झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुढच्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनांतून शेतकऱ्यांची मोठी फसवणूक झाल्याचे उघड झाले. मागणी पुढे धावली आणि खात्रीचे पक्षी मागे राहिले की असे होते. बुसराचा बाजार, मानांकन, जाहिरात यांचा विचार नंतर व्हावा. आधी कड्या घातलेले, आईबाप माहीत असलेले पक्षी तयार होऊ द्यावेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसबागेतील कोंबड्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली दिसली, पण त्यातून बुसरा वाढली की तिच्या पाड्यांवर दुसरेच पक्षी वाढले हे कळत नाही. म्हणून कार्यक्रमाची सुरुवात नवापूर आणि साक्री तालुक्यांतील पाडावार पाहणीने व्हावी, आणि शंका असेल तिथले रक्ताचे नमुने कर्नालला पाठवून मिश्रण किती झाले आहे ते तपासावे.

पुढील वर्षाच्या गटवाटपाच्या याद्या तयार होण्याआधी या दोन तालुक्यांतील बुसराचे पाडे वेगळे काढावेत आणि तेथील लाभार्थ्यांना बाहेरच्या नरांऐवजी लसीकरण, रात्रीचे खुराडे आणि कोंबडा राखण्याचा मोबदला द्यावा, एवढा आदेश जरी निघाला तरी उरलेले काम उभे करायला वेळ मिळेल. आमच्या गटाकडील नोंदवह्या विद्यापीठाला पाहायला आणि नक्कल करून घ्यायला खुल्या आहेत, आणि पाहणीसाठी माणूस आला तर आम्ही त्याच्यासोबत पाडोपाडी फिरू. पहाटे लवकर यावे लागेल, कारण ऊन चढले की कोंबड्या रानात जातात आणि मोजता येत नाहीत.

आपली विश्वासू,
साक्री तालुक्यातील एक बुसरापालक